पाठीला डोंगर

जिथं राहायला एक घर नाही, प्यायला एक विहीर नाही, तिथं दर गुरुवारी बाजार का भरतो, हा प्रश्न कडेमाळात जन्मलेल्या कुणालाच कधी पडला नव्हता. तो पडायला ताडकळसची पोरगी सून होऊन यावी लागली.

ताडकळसचा बाजार म्हणजे गावाच्या पोटातला बाजार. एसटीतून पाय खाली टाकला की मेथीच्या जुडीवर पडायचा. राजनंदिनी त्या गर्दीत वाढलेली. त्यामुळं लग्नानंतरच्या पहिल्या गुरुवारी ती पिशवी घेऊन सासूबरोबर निघाली आणि गाव मागं पडलं, कापसाची शेतं मागं पडली, काळी माती संपून पायाखाली मुरूम करकरायला लागला, तेव्हा तिला वाटलं, सासूबाई आपल्याला कुठल्या तरी देवाला घेऊन चालल्यात. धापा टाकत खिंडीत पोचली, तर समोर बाजार.

बाजारही वेगळाच. खिंडीत आडवी, गुडघ्याएवढ्या दगडांची एक ओळ. ओळीच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाड्यांच्या बाया बसलेल्या, सगळ्यांची पाठ डोंगराला आणि तोंड मैदानाकडं. पुढ्यात सीताफळं, डिंक, मध, केरसुण्या, एखादं बांधलेलं करडू. खालच्या अंगाला बोरीचं, झरीचं, कडेमाळचं गिऱ्हाईक. मीठमिरचीवाले आणि बांगड्यावालेही खालीच. माल दगडांवरून इकडचा तिकडं जायचा. माणूस जायचा नाही.

राजनंदिनीला हे काय ठाऊक? चांगलं फळ मागच्या पाटीत असतं, एवढं ताडकळसनं तिला शिकवलेलं. ती सरळ दगड ओलांडून वर गेली आणि एका म्हाताऱ्या बाईच्या पाठीमागून तिच्या पाटीत हात घातला.

सगळा बाजार गप्प झाला. करडूसुद्धा ओरडायचं थांबलं, असं सासूबाई पुढं कैक वर्षं सांगायच्या.

म्हातारीनं मान वळवली. ही सरजाबाई. वरच्या वाडीची, तोंडात दात थोडे आणि जीभ पुरेपूर.

"कुणाची गं तू?"

"बन्सीधरची सून हाय, नवी हाय," खालून सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"बन्सीधरची व्हय?" सरजाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग बराबर हाय. त्या घरचा हात दुसऱ्याच्या पाटीत जायचाच. खाली हो, माय. वरून घेत न्हाईत."

"कामून?"

"घेत न्हाईत म्हणून."

राजनंदिनी खाली उतरली, पण प्रश्न तिच्याबरोबर घरी आला. सासूबाई म्हणाल्या, देवीचं हाय. चुलतसासरे म्हणाले, ऊन तोंडावर येत न्हाई म्हणून. नवरा बालाजी जेवता जेवता म्हणाला, "तुला सीताफळं मिळाली ना? मग झालं की." सासरे बन्सीधर मात्र काहीच बोलले नाहीत. एरवी ज्या माणसाला गावातल्या प्रत्येक बांधाचा आणि प्रत्येक भांडणाचा इतिहास तोंडपाठ, ज्याला पाऊस का लांबला हेसुद्धा पावसापेक्षा जास्त कळायचं, तो माणूस पानातला कात बोटानं सारखा करत बसला. राजनंदिनीनं ती गोष्ट मनात नोंदवून ठेवली. ती माणसांचे जमाखर्च ठेवणारी होती. कोण कुठं बोललं यापेक्षा कोण कुठं गप्प बसलं, हे तिच्या लक्षात राहायचं.

पुढं कडेमाळच्या गट ग्रामपंचायतीत बाईचं आरक्षण निघालं आणि राजनंदिनी सरपंच झाली. लोक घरी येऊन बालाजीला विचारायचे, "सरपंच हायत का?" बालाजी म्हणायचा, "हायत, भाकरी करायल्यात." बालाजीचं स्वतःचं मालवाहू टेम्पोचं काम होतं, त्यामुळं त्यानं बायकोच्या खुर्चीवर बसायचा हट्ट धरला नाही. हा त्याचा मोठेपणा किंवा आळस. राजनंदिनीनं तो मोठेपणाच्या बाजूला लिहिला.

निवडणुकीत तिनं वाड्यांवरच्या बायांना एकच शब्द दिला होता: खिंडीतला बाजार खाली डांबरी रस्त्यावर आणीन. कारण खिंड मरायला लागली होती. बोरी-झरीची माणसं आता मोटारसायकलवर हिंडायची आणि मोटारसायकल सोडून चढण चढायला त्यांचे गुडघे तयार नसायचे. गिऱ्हाईक गळत गळत शेवटी अप्पाराव नावाचा बोरीचा एकटा व्यापारी उरला. तो सगळ्यात शेवटी यायचा, निवांत सुपारी कातरायचा आणि भाव सांगायचा. सीताफळ आज विकलं नाही तर उद्या त्याचा पाक होतो, आणि भरलेली पाटी परत डोंगर चढवणं म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक आणि बायांनाही. खाली मैदानात कापूस-सोयाबीनवाला निदान चार दिवस माल घरात ठेवून भावाची वाट बघतो. डोंगराला ती सोय नाही. डोंगराचं पीक टोपलीत मावतं आणि टोपलीतच सडतं. राजनंदिनीचं गणित सोपं होतं: रस्त्यावर चार गाड्या थांबल्या, की अप्पारावाची सुपारी कातरायची सवय आपोआप जाईल. आणि हे या हंगामात झालं नाही, तर पुढच्या हंगामात वाड्यांवरच्या बाया पाट्या मोडून ऊसतोडीला जातील. दोन घरं तर गेलीही होती.

ओटे झाले. वर पत्रे आले. पाण्याची टाकी आली. ओट्यांच्या मागं डोंगराच्या बाजूला गुरं येऊ नयेत, पावसाचा लोंढा येऊ नये, म्हणून भिंत हवी होती आणि तिच्यासाठी निधी उरला नव्हता. तेव्हा बन्सीधर उभे राहिले. माणूस चहात साखर घालतानाही चमच्याचा पाठीमागचा भाग वापरणारा, पण ग्रामसभेत म्हणाले, "भिंत माझ्याकडून. दगड माझे, गवंडी माझा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाड्यांवरच्या बायांनी मात्र एकमेकींकडं पाहिलं. भिंत पुरुषभर उंच, चांगल्या घडीव काळ्या दगडांची झाली आणि तिच्यावर संगमरवरी पाटी लागली, बन्सीधरांच्या आजोबांच्या नावाची.

पहिल्या गुरुवारी बाया आल्या. शब्दाला जागून आल्या. नव्या ओट्यांवर बसल्या. रस्त्यावर दोन टेम्पो थांबले, मोटारसायकली थांबल्या. राजनंदिनी नारळ फोडून बाजूला उभी राहिली आणि बघायला लागली. काहीतरी बिनसलं होतं. गिऱ्हाईक भाव विचारायचं आणि विकणारी बाई उत्तर द्यायच्या आधी मागं वळून बघायची. भिंतीकडं. मग पुढं. मग पुन्हा मागं. सगळा बाजार असा चिमण्यांसारखा माना फिरवत बसलेला. दुपार व्हायच्या आत एक उठली, तिच्या मागं सगळ्या उठल्या.

"काय झालं मावशी?" राजनंदिनी आडवी गेली.

"सिमेटावर सीताफळ लवकर पिकतंय," एक म्हणाली.

"पत्र्याखाली वारं न्हाई," दुसरी.

"देवी वर हाय आन् आमी खाली," तिसरी.

"माझी मान अवघडली," सरजाबाई म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन चालायला लागली.

दुसऱ्या गुरुवारी ओट्यांवर कुत्री झोपली होती. कडेमाळच्या टवाळ पोरांनी नव्या बाजाराचं नाव कोंडवाडा ठेवलं. खिंडीत अप्पाराव पूर्वीसारखाच सुपारी कातरत बसला आणि त्यानं गावात निरोप धाडला, "सरपंचबाईला म्हणावं, ओट्यावर पापड वाळवा. जागा चांगली हाय."

राजनंदिनीला राग आला, पण रागापेक्षा नवल जास्त वाटलं. ज्या बायांनी मतं दिली, ज्यांचा फायदा डोळ्यासमोर दिसत होता, त्याच का निघून गेल्या? सिमेंट, वारा, देवी, मान. तिच्या मते यातली पहिली तीन कारणं घाईनं शिवलेली होती. मान मात्र खरी वाटत होती.

तिसऱ्या गुरुवारी ती एकटीच खिंडीत गेली आणि खालच्या अंगाला, आपल्या जागी, एका दगडावर बसून नुसती बघत राहिली.

"काय बघायलीस गं?" सरजाबाई म्हणाली. "पुन्यांदा मतं मागाया आलीस का?"

"तुमची मान बघायलेय, आत्या. बरी झाली का?"

"इथं आलं का बरी होती."

खरंच, इथं कुणी मागं वळून बघत नव्हतं. बाया पाय पसरून, मोकळ्या बसल्या होत्या. मग राजनंदिनीला दुसरी गोष्ट दिसली. प्रत्येकीनं फडकं उलगडलं होतं, पण पूर्ण कुणीच नाही. फडक्याची मागची दोन टोकं एकमेकांत बांधलेली, गाठ मारून. माल पुढं पसरलेला आणि मागं गाठ.

"ही गाठ सोडत न्हाईत का?"

"न्हाई."

"कामून?"

"तुला तेवढा एकच शब्द येतो काय गं? आमच्या आज्या सोडत नव्हत्या, आमी सोडत न्हाई."

आणि तराजू? तराजू सगळे खालच्या अंगाला, गिऱ्हाइकाच्या हातात. वरच्या एकाही बाईकडं तराजू नाही. त्या वाटे लावतात; मोजायचं असेल तर ज्याला हवं त्यानं मोजावं. राजनंदिनी एकेक गोष्ट मनात मांडत गेली. पाठ डोंगराला. फडक्याला गाठ. हातात तराजू नाही. पाय दगडांच्या वर. एवढ्या सगळ्या गोष्टी देवीला एकदम कशाला लागतील, हे तिला उमगेना.

तेवढ्यात खालून धुरळा उठला. जिथं मोटारसायकलही चढत नव्हती, तिथं एक पांढरी सरकारी जीप गचके खात कशीबशी चढून आली. गुरांच्या दवाखान्याची होती. शेळ्यांना लस टोचायला डॉक्टर आले होते. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

आणि सगळा बाजार उभा राहिला.

कुणी ओरडलं नाही, कुणी घाबरलं नाही. गाठीत हात गेला, फडकं एका झटक्यात गोळा झालं, गाठोडं खांद्यावर, आणि बाया मागं डोंगरावर चार पावलं चढून उभ्या. पुढ्यात एक सीताफळ राहिलं नव्हतं. खाली मीठमिरचीवाले जागचे हलले नाहीत. त्यांना त्याचं काही वाटलंही नाही. डॉक्टर पोरगेलासा होता. तो लशीची पेटी घेऊन उतरला आणि उतारावर उभ्या असलेल्या त्या बायांकडं बघत म्हणाला, "अहो, माणसांना नाही टोचत मी. शेळ्यांना."

सगळ्या हसल्या. स्वतःवरच हसल्या आणि पुन्हा खाली येऊन बसल्या, फडकी पसरली. सरजाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सवय हाय गं. गाडी आली का पाय उठतेत."

राजनंदिनी हसली नाही. ती दगडांच्या ओळीपाशी उकिडवी बसली.

"आत्या, पूर्वी गाडी न्हवती. मग कोण यायचं?"

सरजाबाईचं हसू थांबलं. आजूबाजूच्या बाया एकदम फळं पुसायला लागल्या.

"माझी आजी म्हणायची, नाक्याचे आले का गाठ उचल. मी बारकी होते तवा नाका मोडून गेलता. पण आजी उठायची. वाऱ्यानं दार वाजलं तरी उठायची."

"कुठला नाका?"

"मला कशाला विचारतीस? तुज्या सासऱ्याला विचार. भिंतीला दगड कुठले लावलेत, ते बी विचार."

राजनंदिनी संध्याकाळी घरी आली तेव्हा बन्सीधर ओसरीवर पान लावत होते.

"मामा, भिंतीचे दगड कुठले?"

"आपल्या रानातले."

"रानात घडीव दगड उगवतेत का?"

बन्सीधरांनी चुना लावायचं बोट थांबवलं. सून सरपंच झाल्यापासून त्यांना दोन गोष्टी कळल्या होत्या: तिला उत्तर दिलं नाही तर ती ग्रामसभेत विचारते, आणि ग्रामसभेत माईक असतो.

"जुनी चौकी व्हती तिथं. खालच्या रानात, चढणीच्या तोंडाला. पडलेलीच व्हती. दगड फुकट पडले व्हते. लावले."

"कसली चौकी?"

मग हळूहळू, एकेक दगड काढावा तसं, ते बोलले. निजामाच्या काळात डोंगरावर एका जहागीरदाराचा अंमल आणि खाली दुसऱ्याचा. हद्द त्या खिंडीतल्या दगडांवर. डोंगरातून माल खाली उतरला की खालच्या नाक्यावर दस्तूर, म्हणजे जकात, द्यायचा. पैसा नसला तर टोपलीतलं निम्मं काढून घ्यायचे. म्हणून बाया खाली उतरायच्याच नाहीत. हद्दीच्या वर बसायच्या, गिऱ्हाइकानं हद्दीच्या खाली यावं. हातात तराजू सापडला की व्यापार केला म्हणून धरायचे, म्हणून तराजूच नाही. आणि शिपाई हद्द मानायचे थोडेच? हात पुरेल तिथवर हद्द त्यांची. म्हणून गाठ. म्हणून पाठीला डोंगर.

"आन् नाक्यावर कोण असायचं?"

बन्सीधरांनी पान तोंडात घातलं. तोंडात पान असलं की माणसाला बोलता येत नाही, ही सोय त्यांनी आयुष्यभर वापरली होती. पण राजनंदिनीला उत्तर मिळालं होतं. भिंतीच्या पाटीवरचं नाव कुणाचं होतं?

तिला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. ज्या माणसाला चुकवायला चार पिढ्या पाठीला डोंगर ठेवून बसल्या, त्याच्याच नाक्याचे दगड आणून, त्यांच्याच पाठीमागं, त्याच्याच नावाची पाटी लावून भिंत! आणि सरपंचाच्या तोंडावर तसं म्हणायला नको म्हणून बायांनी सिमेंटावर सीताफळ पिकवलं.

"मामा, भिंतीला वाट पाडावी लागंल."

"माझ्या आज्याच्या नावाची भिंत हाय ती."

"म्हणूनच."

"लोकांला आता काय आठवतंय? त्यांला तर देवीच वाटती."

"डोक्याला आठवत न्हाई, पायाला आठवतंय."

"मी असताना भिंतीला हात लागायचा न्हाई," बन्सीधर म्हणाले आणि पिंक टाकायला उठले.

ग्रामसभेत हात वर करवून भिंत पाडणं तिला अवघड नव्हतं. पण मग घरात रोज संध्याकाळी जेवायला बसायचं होतं. शिवाय बन्सीधरांची आई वरच्या वाडीची होती, हेही तिच्या जमेला होतं. तिनं ते एवढे दिवस खर्चलं नव्हतं.

बुधवारी ती म्हणाली, "मामा, आपल्या बांधावरली सीताफळं उद्या बाजारात न्या. तुमी बसलाव तर बाया बी बसतील. बालाजीचा टेम्पो हाय खाली."

"मी? मी पाटी घिऊन बसू?"

"तुमी भिंत बांधलीव. बाजार बी तुमीच लावा. न्हाई तर अप्पाराव म्हणंल, बन्सीधरच्या भिंतीला टेकायला कुत्रीच बसतेत."

हे बरोबर लागलं. गुरुवारी बन्सीधर धुतलेलं धोतर नेसून मधल्या ओट्यावर बसले. सरजाबाई आणि दोन-तीन बाया राजनंदिनीच्या आग्रहानं आल्या होत्या; मजा बघायला म्हणा. बन्सीधरांनी फडकं पसरलं, सीताफळं मांडली. राजनंदिनी समोर रस्त्यावर उभी होती. तिनं पाहिलं: फडक्याची मागची टोकं त्यांनी गाठ मारून ठेवली होती. त्यांच्या बोटांना कुणी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं बालाजीचा टेम्पो वळणावरून आला आणि बालाजीनं सवयीप्रमाणं जोरात हॉर्न दिला. त्याला राजनंदिनीनं काही सांगितलं नव्हतं; ती शपथ घ्यायला तयार होती, पण कुणी घातली नाही.

बन्सीधर उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण झटक्यात उठला. गाठीत हात, गाठोडं खांद्यावर, आणि वळून वर जायला एक पाऊल. कपाळ भिंतीला लागायचं बोटभर राहिलं. समोर आजोबांचं नाव.

ते तसेच उभे राहिले. मागं सरजाबाईही गाठोडं घेऊन उभी होती, तिचीही वाट तिथंच संपलेली.

"बन्सी," ती म्हणाली. गावात त्यांना असं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. "तुझी आई माहेरी आली का बाजारात बसायची आन् तुला काखंत घिऊन अशीच उठायची. तुझ्या चड्डीची नाडी तिच्या गाठोड्यात अडकायची."

"मला आठवत न्हाई," बन्सीधर म्हणाले.

"पायाला आठवलं की."

आपलं वाक्य सरजाबाईपर्यंत कधी पोचलं, याचं राजनंदिनीला नवल वाटलं. मग लक्षात आलं, सासूबाई बुधवारी वाडीवर जाऊन आल्या होत्या.

बन्सीधरांनी भिंतीवर हात ठेवला. दगड चांगले होते, हे त्यांनी एकदा चाचपून पाहिलं. "लय उंच झाली," ते म्हणाले. "गवंड्याचं काम. त्याला काय कळतंय?"

पुढच्या गुरुवारच्या आत भिंतीला रुंद वाटा पडल्या, डोक्यावर पाटी घेतलेली बाई न वाकता जाईल अशा. निघालेले दगड वाया घालवणं बन्सीधरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांच्या पायऱ्या केल्या, थेट चढणीला लागणाऱ्या. संगमरवरी पाटी उरलेल्या भिंतीवर राहिली. राजनंदिनीनं तिचा विषय काढला नाही. सगळं एकाच हंगामात वसूल करायचं नसतं.

बाया आल्या. बसायच्या आधी प्रत्येकीनं पायरीवर एक पाऊल ठेवून पाहिलं, जसं नवी खाट दाबून बघतात, आणि मग ओट्यावर बसून वाटे लावले. माना पुढंच राहिल्या. झरीचा एक टेम्पो थांबला, परभणीचा एक थांबला. अप्पाराव नेहमीसारखा शेवटी आला, सुपारी काढली, आणि आजूबाजूला बघून परत खिशात घातली.

"सरजाबाई, काय भाव लावलाव?"

"रोज तर तूच सांगतोस, आज मला विचारतोस व्हय? बघ, त्या परभणीवाल्याला विचार. त्यानं लावलाय."

राजनंदिनी खालच्या अंगाला उभी राहून सीताफळं निवडत होती. बन्सीधर मधल्या ओट्यावर बसले होते. आता त्यांना बाजाराची चटक लागली होती आणि गिऱ्हाइकाशी ते सुनेपेक्षा जास्त घासाघीस करत होते.

"मामा, आता तरी ती गाठ सोडा," ती म्हणाली. "नाका गेला, जहागीर गेली. वाट बी झाली."

बन्सीधरांनी मागं हात नेऊन गाठ चाचपली. घट्ट होती.

"राहू दे," ते म्हणाले. "तुझा बालाजी कवा हॉर्न वाजवील, सांगता येतंय का?"